प्रेअरीच्या गवताला खत घालू नका

घरापुढच्या उन्हाच्या पट्ट्यात हिरवळीऐवजी काय लावावे असे कोणी विचारले, तर मी लिटल ब्लूस्टेमचेच नाव घेतो. उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीचे, म्हणजे तिथल्या विस्तीर्ण गवताळ मैदानांचे, हे मूळचे गवत असून नेब्रास्का आणि कॅन्सस या दोन्ही राज्यांनी त्याला राज्यगवताचा मान दिला आहे. ते हरळीसारखे जमिनीसरशी पसरत नाही, ठोंबाने वाढते आणि 2 ते 4 फुटांवर थांबते. त्यामुळे शेजारच्या फुलझाडांवर त्याचे आक्रमण होत नाही.

लावणाऱ्याची खरी परीक्षा पहिल्या वर्षी असते. त्या काळात रोपाची बरीचशी ताकद मुळांकडे जाते, ही मुळे पुढे 5 फूट किंवा त्याहूनही खोल उतरतात, आणि वर मात्र चार किडकिडीत पाती तेवढी दिसतात. ती पाहून हात आपसूक खताकडे वळतो. नेमके तेच टाळायला हवे. सुपीक माती, सावली आणि वरचेवर पाणी मिळाले की काड्या मऊ राहतात आणि ऐन तुऱ्यावर आलेला ठोंब मधोमध फाकून आडवा होतो. मुरमाड किंवा रेताड, निचऱ्याच्या जमिनीत मात्र तो ताठ उभा राहतो. रोप एकदा रुजले की सहसा वरून पाणी देण्याचीही गरज उरत नाही.

उन्हाळ्यात बुंध्याशी निळसर दिसणाऱ्या काड्या शरद ऋतूत तांबूस होतात, आणि दाण्यांना चिकटलेले पांढरे केस तिरप्या उन्हात चमकू लागतात. हिरवळीची सवय असलेल्यांना हे गवत वाळले असे वाटून ते कापायची घाई होते. (शेजारीही तसे सुचवतात.) पण हिवाळाभर पक्षी त्याचे दाणे टिपतात आणि स्किपर जातीच्या काही फुलपाखरांच्या अळ्या त्याच्याच आसऱ्याने थंडी काढतात. म्हणून कापणी हिवाळा सरताना, नवे कोंब फुटण्याआधी करावी आणि जमिनीपासून चार बोटे खुंट ठेवावेत. वाढीचा डोळा मातीलगत असल्याने ठोंबाला इजा होत नाही. प्रेअरीतल्या वणव्यांनंतरही हे गवत याच कारणाने पुन्हा फुटत आले आहे. कापलेल्या काड्या वाफ्यातच पसरून ठेवाव्यात.