ऑक्टोबरमधला तो उंच ठिपका

"मॅडम, ३सी २७९ पेटलाय!" प्रकल्पासाठी आलेली एमएस्सीची मुलगी लॅपटॉप उघडाच घेऊन माझ्या खोलीत आली. ३सी २७९ हा एक क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकेचं अतिशय तेजस्वी केंद्र; त्याचं तेज एकाएकी वाढलंय असं तिला म्हणायचं होतं.

मी शिकले तेव्हा फर्मी या गॅमा किरण (सर्वाधिक ऊर्जेचा प्रकाश) टिपणाऱ्या अवकाश दुर्बिणीचा डेटा म्हणजे काळ्या पडद्यावर एकामागून एक कमांड. तारखासुद्धा १ जानेवारी २००१ पासूनच्या सेकंदांत मोजायच्या. एवढ्यातच महिना जायचा, आकाशाकडे लक्ष जाईपर्यंत सुट्टी संपायची. हिच्यासमोर मी ईझीफर्मी हे सॉफ्टवेअर ठेवलं, २०२२ सालचं. खिडकीत स्रोताची जागा, कालावधी आणि ऊर्जेच्या मर्यादा भरायच्या, फोटॉनच्या (प्रकाशकणांच्या) फायली दाखवायच्या, लाइट कर्व्हपुढे, म्हणजे तेज काळानुसार कसं बदललं त्याच्या आलेखापुढे, खूण करायची. आत राबतं ते फर्मीचा डेटा तपासण्यासाठीचं पायथनमधलं फर्मीपाय पॅकेजच, म्हणून माझा त्यावर भरवसा आहे.

आठवड्याला एक ठिपका. वर्षभर शांत रेषा, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला एकच उंच. तिचा आनंद उगाच नव्हता. जून २०१५ मध्ये याच क्वेसारचं तेज काही मिनिटांत बदलताना दिसलं होतं. पण मला तारीख खटकली.

"अगं, त्या दिवशी सूर्य कुठे होता?"

तिने नकाशा उघडला. सूर्य कन्या राशीत, थेट आपल्या स्रोतावर! दरवर्षी ८ ऑक्टोबरच्या सुमारास तो ३सी २७९ ला झाकतो. वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, सूर्यावर आदळले की गॅमा किरण निघतात, शिवाय वैश्विक इलेक्ट्रॉन सूर्यप्रकाशाला धडकून त्याभोवती गॅमाचं पसरट वलय तयार करतात. १०० एमईव्हीजवळ, म्हणजे फोटॉनची ऊर्जा त्यातल्या त्यात कमी असताना, फर्मीला दिशा काही अंशांच्या चुकीनेच कळते. सूर्य रोज साधारण एक अंश सरकतो, म्हणजे अख्खा आठवडा तो शेजारीच. आमच्या मॉडेलमध्ये फक्त जागचे न हलणारे स्रोत होते, त्यामुळे सूर्याचे फोटॉन बिचाऱ्या क्वेसारच्या खात्यात जमा झाले.

तिने सूर्य जवळ असलेले दिवस वगळून पुन्हा चालवलं. ठिपका खाली आला.

ती हिरमुसेल असं वाटलं होतं. पण ती पडद्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "मॅडम, मग चंद्र?"

मला फार बरं वाटलं. चंद्रही गॅमा किरणांत चमकतो, आणि दर महिन्याला या स्रोताच्या पाच-सहा अंशांच्या आतून जातो. मी खुर्ची तिच्या शेजारी ओढली. दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघी चंद्राच्या तारखा काढून एकेका ठिपक्याशी ताडून बघत होतो.