आमची वाटचाल : ब्रॅम्लीचा गुळांबा

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला संसार मांडला त्या पहिल्या वर्षी मी कैरीसाठी सगळी भारतीय दुकानं पालथी घातली. मिळाली ती महाग, आणि विमानप्रवासाने मऊ पडलेली. मग ऑक्टोबरात शेजारच्या आजींनी कुंपणावरून एक पिशवी दिली. आत हिरवी, बोजड, वेडीवाकडी सफरचंदं, एकेक मुठीत न मावणारं. "कच्ची खाऊ नकोस, शिजव," त्या म्हणाल्या. मी कच्चंच खाल्लं, तिखट-मीठ लावून. दात आंबले, आणि क्षणभर मी रत्नागिरीच्या आमच्या परड्यातल्या रायवळ आंब्याखाली उभी होते. ते सफरचंद ब्रॅम्ली. आमच्या धंद्याची सुरुवात त्या पिशवीपासून.

नॉटिंगहॅमपासून वीसेक किलोमीटरवर साउथवेल नावाचं गाव आहे. 1809 मध्ये तिथे चर्च स्ट्रीटवरच्या घरामागे मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड या मुलीने सफरचंदाच्या बिया पेरल्या. त्यातलं एक रोप जगलं, वाढलं. 1846 मध्ये ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकाने विकत घेतलं. आणखी दहा वर्षांनी हेन्री मेरीवेदर हा सतरा वर्षांचा रोपवाटिकेवाला मुलगा कलमासाठी काड्या मागायला आला. ब्रॅम्लीने त्या दिल्या, फक्त फळाला आपलं नाव द्यायचं या अटीवर. आज जगात जिथे कुठे ब्रॅम्ली आहे, ती त्याच एका झाडाची कलमं. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हापूसची कोय लावून हापूस येत नाही, हे आम्ही लहानपणापासून जाणतो. मूळ झाड 1900 च्या वादळात आडवं झालं, पण आडव्या फांदीने मुळं धरली आणि ते पुन्हा उभं राहिलं. आता त्याला बुरशीने पोखरलं आहे. मी दरवर्षी साउथवेलला जाते. बिया पेरणाऱ्या त्या मुलीचं नाव फळाला कधीच लागलं नाही, याची मला रुखरुख वाटते. म्हणून आमच्या प्रत्येक बरणीच्या मागच्या बाजूला तिचं नाव छापलेलं असतं.

पहिली दोन वर्षं मी ब्रॅम्लीची कैरी करायला निघाले होते, आणि तिथेच चुकले. फोडींचं लोणचं घातलं. सफरचंदाला कैरीपेक्षा कितीतरी जास्त पाणी सुटतं हे लक्षात आलं नाही. खार पातळ झाला, मीठ कमी पडलं, आणि तिसऱ्या आठवड्यात 48 बरण्यांची झाकणं फुगली. सगळं ओतून द्यावं लागलं. मेथांबा केला, तर फोडी पाच मिनिटांत विरघळून नुसता लगदा. रडू आलं होतं.

फोनवर आईला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, जे आपणहून विरघळतंय त्याचा गुळांबा कर ना. त्याला फोड राहायला कशाला सांगतेस?"

तेव्हापासून आम्ही या फळाच्या कलाने घ्यायला लागलो. ब्रॅम्लीत मॅलिक आम्ल भरपूर आणि साखर कमी. खायची गोड सफरचंदं शिजवली की मिळमिळीत होतात. हे मात्र शिजूनही आंबटच राहतं, आणि गर ढगासारखा फुलतो. किलोभर किसाला 800 ग्रॅम कोल्हापुरी गूळ, दोन लवंगा, वेलची, चिमूटभर मीठ. कैरीचा कीस आधी वाफवून घ्यावा लागतो, इथे ती पायरीच नाही. पन्ह्याचा गर तर यापेक्षा सोपा कशाचाच नसेल. मेथांबाही शेवटी जमला: फोडी रात्रभर गुळात मुरवून ठेवायच्या, म्हणजे त्या घट्ट होतात, आणि उकळत्या पाकात अगदी शेवटी सोडून लगेच आच बंद करायची. आमच्याकडे आता सगळ्यात जास्त खपतो तो हाच.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण नव्याने सुरू करणाऱ्या मराठी मुली विचारतात. घरच्या स्वयंपाकघरातून विकायचं असलं तरी किमान 28 दिवस आधी कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, नोंदणी करा. लेबलवर मोहरी ठळक अक्षरांत हवी, ती इथे अ‍ॅलर्जीच्या 14 पदार्थांत मोडते. बाजारातल्या बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ असतं, तेही लिहावं लागतं. आम्ही तांदळाच्या पिठाचा हिंग वापरायला लागलो. आणि 'जॅम' हा शब्द सहज लिहू नका, त्यासाठी विरघळलेल्या घटकांचं, मुख्यतः साखरेचं, प्रमाण साधारण 60 टक्के लागतं. आम्ही बरणीवर 'गुळांबा'च लिहिलं, खाली दोन ओळींत तो काय असतो ते. इंग्रज गिऱ्हाईक आता तो शब्द नीट उच्चारतं, चीजबरोबर खातं.

तिसऱ्या वर्षी फळ विकत घेणं परवडेना, म्हणून 32 जुन्या झाडांची बाग खंडाने घेतली. मालक ऐंशीच्या घरातले. छाटणी त्यांनीच शिकवली: हिवाळ्यात, झाडाचं पोट मोकळं ठेवून, ऊन आणि वारा आत खेळेल अशी. ब्रॅम्लीचा पराग दुसऱ्या झाडांच्या कामाचा नसतो, कारण गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच. म्हणजे ब्रॅम्लीसाठी शेजारी एक जात हवी, आणि त्या जातीलाही फळ धरायचं तर आणखी एक. आमच्याकडे ग्रेनेडियर आणि जेम्स ग्रीव्ह आहेत. कुणी एकटं ब्रॅम्ली लावून फळाची वाट पाहत असेल, तर आधी आजूबाजूच्या बागांत दुसऱ्या जातीची झाडं आहेत का ते बघा.

2017 च्या एप्रिलअखेरीस ऐन मोहोरात दव गोठलं. सकाळी गेलो तर गुलाबी-पांढऱ्या फुलांच्या मधल्या दांड्या काळ्या पडलेल्या. त्या वर्षी बाहेरून फळ आणलं आणि नफा शून्यावर आला, पण एकही ऑर्डर मागे फिरवली नाही. याचा मला अभिमान आहे.

तोडणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. डाग नसलेलं फळ थंड खोलीत लाकडी खोक्यांत मार्चपर्यंत टिकतं; दर आठवड्याला एकेक हाताळून पाहतो, कारण एक नासलं की शेजारची जातात. मार खाल्लेली त्याच दिवशी कढईत.

आसपासच्या दोन जुन्या ब्रॅम्लीच्या बागा माझ्या डोळ्यांदेखत उपटल्या गेल्या. लोक घरी 'पाय' (सफरचंदाचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) करत नाहीत, तर आंबट सफरचंद कुणाला हवं, हा त्यांच्या मालकांचा हिशोब. मला तो पटत नाही. आमच्या पन्ह्यासाठी लेस्टर आणि लंडनहून मागणी येते, आणि आमच्या 32 झाडांचं फळ जानेवारीतच संपतं.

म्हणून गेल्या हिवाळ्यात सगळ्यात जुन्या झाडाच्या काड्या काढल्या, आणि मार्चमध्ये खुंटांवर 12 कलमं बांधली. सुरी मालकांच्या हातात, पट्टी माझ्या. नऊ जगली. त्यांच्यासाठी बांधावर खड्डे झालेत, मधोमध एक जागा ग्रेनेडियरची राखून.