बोटांचा चाळा

मला वाजवायची खोड आहे. वाद्य नव्हे, समोर येईल ते. चहा येईपर्यंत टेबल, फोनवर कुणी लांबण लावली तर पोळ्यांच्या डब्याचं झाकण. लहानपणी आई म्हणायची, "हात जरा स्वस्थ ठेवशील का?" हातात कात्री असली तर तिचा आवाज चढायचा. रिकामी कात्री वाजवली की घरात भांडणं होतात, हे आमच्याकडे सिद्ध झालेलं शास्त्र होतं. भांडणं एरवीही व्हायचीच. कात्रीवर आळ यायचा इतकंच.

म्हणून अर्ल स्क्रग्ज या अमेरिकी बँजोवादकाची गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला फार बरं वाटलं. त्याच्या घरी उलटं झालं होतं. आधी भांडण, मग वाजवणं.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात शेल्बी गावाजवळ फ्लिंट हिल नावाची वस्ती आहे. तिथल्या एका शेतकरी घरात ६ जानेवारी १९२४ला हा जन्मला. वडील बँजो वाजवायचे, पण अर्ल चार वर्षांचा असतानाच ते गेले. बँजो घरात राहिला. दहा वर्षांचा असताना एकदा त्याचं होरेस या भावाशी वाजलं (भांडणालाही 'वाजणं' म्हणणारी आपली भाषा इथे अगदी चपखल बसते). हा फुरंगटून एका खोलीत जाऊन बसला. मांडीवर बँजो होता, डोक्यात भाऊ होता आणि बोटं आपली 'रुबेन' नावाची जुनी धून छेडत होती. मध्येच त्याचं हाताकडे लक्ष गेलं. तोवर अंगठा आणि तर्जनी एवढ्यावरच भागायचं. आज मधलं बोटही कामाला लागलं होतं, कुणी न सांगता. भांडण विसरून तो "जमलं, जमलं!" ओरडत बाहेर धावला.

तीन बोटांनी बँजो वाजवणारे त्या मुलखात आधीही होते. अर्लने लहानपणी त्यांतल्या काहींना ऐकलंही होतं. त्यामुळे शोध त्याचा एकट्याचा म्हणता येणार नाही. त्याने केलं ते असं, की सुरांच्या सरी कोसळत असताना आतली चाल कुठेही भिजू दिली नाही. प्रत्येक स्वर मोजून घ्यावा इतका सुटा.

यातलं गणित मला फार आवडतं. बोटं तीन आणि तालाचं घर आठ ठोक्यांचं. अंगठा, तर्जनी, मधलं, अंगठा, तर्जनी, मधलं, अंगठा, तर्जनी... आणि आठ संपले. तिघा भावंडांत आठ लाडू वाटायचे झाले तर दोघांना तीन-तीन मिळतात आणि तिसऱ्याची दोनावर बोळवण होते. घरात त्यावरून रडारड होईल. बँजोत मात्र त्या कमी पडलेल्या एका लाडवामुळेच चालीला झोका मिळतो. हे असंच सरळसोट वाजवत नाहीत, बोटांचा क्रम उलटासुलटा करतात, पण मूळ गंमत तीच.

दुसरी गंमत पाचव्या तारेची. बँजोच्या चार तारा दांडीच्या टोकापर्यंत जातात आणि पाचवी मध्येच, पाचव्या पडद्याशी, बाजूच्या खुंटीला थांबते. आखूड, त्यामुळे आवाजाने सगळ्यांत उंच, आणि अंगठ्याखाली सतत एकच स्वर धरून बसलेली. सतारीच्या चिकारीची, म्हणजे कडेच्या त्या उंच स्वराच्या तारांची, आठवण आल्याशिवाय राहत नाही. ही तार आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या हातून तिथे आली. भोपळ्यावर कातडं ताणून केलेली वाद्यं त्यांना ठाऊक होती. गोऱ्यांनी वाद्य उचललं आणि तोंडाला काळं फासून त्यांचीच नक्कल करायच्या खेळांत ते हसण्यासाठी वापरलं. बँजो म्हणजे विदूषकाचं वाद्य, हा शिक्का बराच काळ टिकला.

आपल्याकडे 'बेंजो' म्हटलं की मला मिरवणूक दिसते. टेम्पोवर कर्णे, मागे ढोलताशे, आणि टाइपरायटरसारख्या कळा दाबत तारा छेडणारा एक घामाघूम माणूस. ते बुलबुल तरंग, मूळचं जपानी. स्क्रग्जच्या बँजोशी त्याचं नावापुरतंच नातं. मी कित्येक वर्षं दोन्ही एकच समजत होतो आणि अमेरिकेतले गोरे शेतकरी आमच्या गल्लीतल्यासारखं वाजवतात, या कल्पनेने खूश होतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्क्रग्ज सूतगिरणीत कामाला होता. डिसेंबर १९४५मध्ये तो नॅशव्हिलला बिल मन्रोच्या 'ब्लू ग्रास बॉइज'मध्ये दाखल झाला. मन्रो केंटकीचा, मँडोलिन वाजवणारा. आपल्या राज्याच्या टोपणनावावरून त्याने वाद्यवृंदाचं नाव ठेवलं आणि पुढे त्या नावावरून अख्ख्या संगीतप्रकाराला ब्लूग्रास म्हणू लागले. त्या वृंदातला गिटारवाला लेस्टर फ्लॅट आधीच्या बँजोवाल्याला कंटाळला होता. नवा येतोय कळल्यावर, त्याने बँजो पेटीतच ठेवला तरी चालेल, असं तो म्हणाला होता. मग त्याने ऐकलं, आणि मन्रोला सांगितलं की काय मागेल ते देऊन याला ठेवून घे. अंकल डेव्ह मेकन हा जुना, हसवणारा बँजोवाला मात्र कुरकुरला म्हणतात. वाजवतो बरा, पण विनोदी जरासुद्धा नाही! मला ही त्या काळातली सर्वांत अचूक समीक्षा वाटते. स्क्रग्ज वाजवताना तोंडावरची माशीही उडवत नसे. जे काय चाललेलं असे ते उजव्या हातात.

१९४८मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्जने मन्रोला सोडून स्वतःचा संच काढला. १९४९च्या डिसेंबरमध्ये 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन' ध्वनिमुद्रित झालं. तीन मिनिटांच्या आतलं, शब्दाविना. १९६७मध्ये ते 'बॉनी अँड क्लाइड' चित्रपटात दरोडेखोरांच्या गाडीमागे वाजलं आणि जगभर गेलं. पाठलाग आणि बँजो ही जोडी तेव्हापासून लोकांच्या डोक्यात पक्की झाली. खरे बॉनी आणि क्लाइड मे १९३४मध्ये मारले गेले. तेव्हा स्क्रग्ज दहा वर्षांचा होता. म्हणजे ज्या संगीतावर ते पडद्यावर पळतात, ते खऱ्या जगात तेव्हा जेमतेम एका फुरंगटलेल्या पोराच्या मधल्या बोटात शिरत होतं.

मधली वर्षं कष्टाची होती. पिठाच्या एका कंपनीने पुरस्कृत केलेला पहाटेचा रेडिओ कार्यक्रम आणि गावोगावचे दौरे. हिशेब, तारखा, करार सगळं बायको लुईस बघायची, आणि ते काम बायकांचं मानलं जात नव्हतं तेव्हा बघायची. १९६९मध्ये फ्लॅटशी फारकत झाली. फ्लॅटला जुनंच हवं होतं, स्क्रग्जला आपल्या मुलांबरोबर त्यांच्या विजेच्या गिटारींत मिसळायचं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनला जमलेल्या गर्दीपुढे तो वाजवून आला. त्याच्या श्रोत्यांतल्या कितीतरी जणांना ते रुचलं नसणार. तो २८ मार्च २०१२ला गेला, ८८ वर्षांचा होऊन. शेल्बीच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत आता त्याचं संग्रहालय आहे.

पण मला त्या संग्रहालयापेक्षा त्याचं घर बघायला आवडलं असतं, बाहेरून. अर्ल आणि होरेस ताल पक्का करायला एक खेळ खेळत. दोघे पाठीला पाठ लावून उभे राहायचे, एकदम धून सुरू करायचे आणि वाजवत वाजवत घराला वळसा घालायचे, एक डावीकडून, एक उजवीकडून. मध्ये अख्खं घर, एकमेकांचं काही ऐकू येत नाही. मागच्या बाजूला समोरासमोर आले की कळायचं, कोण पुढे पळालं आणि कोण रेंगाळलं. आणि तसं कळल्यावर दोघांचं पुन्हा वाजत असणार, याबद्दल मला तरी शंका नाही.