मागच्या काचेवरचा गम

एप्रिलमधली दुपार. कोल्हापुरात आमचं गाड्या धुण्याचं आणि पॉलिशचं छोटं वर्कशॉप आहे. एक निवृत्त सर सेकंडहँड घेतलेली 2010 ची गाडी घेऊन आले. "मागचं काही दिसतच नाही हो. काच तेवढी साफ करून द्या."

काच बघूनच गाडीचा इतिहास कळला. 2012 साली सुप्रीम कोर्टानं काळ्या फिल्मवर बंदी घातली, तेव्हा चौकात पोलीस गाडी अडवायचे आणि मालक तिथंच उभं राहून नखांनी फिल्म ओरबाडायचे. फिल्म निघायची, गम राहायचा. हिचंही तसंच झालं असणार. इतक्या वर्षांच्या उन्हात गम पिवळा आणि चिवट झालेला, वर धुळीचा थर, आणि कोपऱ्यात कुठल्याशा पार्किंग स्टिकरचा अर्धा गोल. सरांचे घरचे प्रयोगही झाले होते. रॉकेल, खोबरेल, शेवटी सुनेचं नेलपॉलिश रिमूव्हर. त्याचे ओघळ खालच्या प्लास्टिकवर उतरून पांढरे चट्टे पडले होते.

बाजूची काच असती तर काम अर्ध्या तासाचं. साबणाचं पाणी मारायचं, नवं ब्लेड तिरकं धरायचं, गमाच्या सुरळ्या निघतात. मागची काच मात्र वेगळी. तिच्या आतल्या बाजूला तांबूस आडव्या रेघा असतात, तो डिफॉगर. बटण दाबलं की त्या रेघा तापतात आणि काचेवरचं धुकं जातं. त्या काचेच्या पोटात नसतात, वर भाजून बसवलेल्या चांदीमिश्रित लेपाच्या असतात. ब्लेड फिरलं की गमाबरोबर रेघही जाते. म्हणून तिथं आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला टिश्यू चिकटवायचा, वर प्लास्टिक लावायचं आणि गप्प बसायचं. गम फुगला की जुनं एटीएम कार्ड रेघांच्या दिशेनं सरकवायचं, आडवंच.

टिश्यू लावून झाले आणि मला फोन आला. जाता जाता नव्या पोराला म्हटलं, "जरा वेळानं घास रे."

परत आलो तर आतून करकर आवाज. "मालक, बघा की, कसं लख्ख निघालंय!" त्याच्या हातात ब्लेड, आणि पांढऱ्या फडक्यावर गमाच्या सुरळ्यांत बारीक तांबूस कण. तीन रेघा मध्येच तुटलेल्या. पोरावर ओरडलो खरा, पण ब्लेड लावू नको हे मी सांगितलंच नव्हतं.

सर बाहेर चहा पीत बसलेले. खोटं कशाला सांगू, गप्प राहावं असं मनात आलं. एप्रिलच्या उन्हात डिफॉगरचं बटण कोण दाबतंय? कळलं असतं ते जूनमध्ये, गगनबावड्याच्या घाटात. मग त्यांना आत बोलावलं आणि रेघा दाखवल्या. त्यांनी चष्मा कपाळावर सारून नाक काचेला टेकवलं. "हे गरम होतं होय? मला वाटलं, रेडिओची एरियल."

दुरुस्तीला वेळ गेला. डिफॉगर चालू करून मीटरची काळी पिन बॉडीला लावली आणि लाल पिन रेघेवरून सरकवत नेली. धड रेघेवर आकडा बारा व्होल्टवरून हळूहळू उतरत जातो. तुटलेलीवर बाराच्या आसपास राहतो आणि मग एकदम शून्य. तिथंच चीर. वरखाली टेप लावून मधल्या फटीत चांदीचा कंडक्टिव्ह पेंट भरला, आणि गाडी रात्रभर ठेवून घेतली. पैसे अर्थातच घेणार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सर आले. डिकीत उकळत्या पाण्याची बादली ठेवून दार लावलं. काच धुकटली. बटण दाबलं. दोनेक मिनिटांत धुक्यातून एकेक स्वच्छ पट्टी उघडायला लागली. सर बोटानं मोजत होते.

"पाचवी राहिली."

मी परत टेप हातात घेतली.