आधी पत्रा, मग इंजिन

रविवार

जुनी मर्सिडीज घ्यायची आणि स्वतःच सांभाळायची म्हटलं की मन डब्ल्यू१२४ वरच, म्हणजे त्या काळच्या ई-क्लासवरच येऊन थांबतं. १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात जोडलेल्या पेट्रोलवरच्या ई२२० आणि डिझेलवरच्या ई२५०डी. बॉनेट उघडलं की हात घालायला जागा आहे, पाने फिरतात. विकणारा मात्र इंजिनाचंच कौतुक ऐकवत बसतो. इंजिन उघडून नीट करता येतं. कुजलेल्या पत्र्याला वेल्डर लागतो, रंगारी लागतो, आणि त्यांचं बिल गाडीच्या किमतीच्या वर जाऊ शकतं.

म्हणून आधी खाली वाकायचं. जॅक लावायच्या भोकांवरची प्लास्टिकची झाकणं काढून आत टॉर्च मारायचा. पुढच्या मडगार्डची मागची कड, बॅटरीखालचा ट्रे, मागच्या काचेचे खालचे कोपरे, डिकीतल्या गालिच्याखालची जमीन बघायची. दारांखालच्या रुंद प्लास्टिक पट्ट्यांमागे गंज वर्षानुवर्षं लपून राहतो. चुंबक चिकटला नाही तिथे पुट्टी भरली आहे. मुंबई-कोकणातली गाडी असेल तर दुप्पट संशय घ्यावा. खारी हवा आतून खाते. नगर-सोलापूरकडची, रंग उडालेली गाडीसुद्धा मला जास्त पटते.

ई२२० चं खरं दुखणं वायरिंग. त्या काळातल्या इंजिनाच्या वायरिंगचं आवरण उष्णतेने कडक होऊन भुगा होतं. प्लगजवळची बाहेरची नळी थोडी मागे सरकवून वायर हलकेच वाकवायची. तडकली तर पूर्ण वायरिंग बदलायचं हे धरूनच भाव करायचा. अशा वायरिंगमुळे उभ्या गाडीत इंजिनाचा वेग वरखाली होतो, इंजिन मिस मारतं, आणि तारा एकमेकींना टेकल्या तर इंजिनाचा कॉम्प्युटरच जळू शकतो. चांगला इलेक्ट्रिशियन उष्णता सोसणारी वायर घेऊन तेच जुने कनेक्टर वापरून नवी करून देतो. अट एकच: बॅटरी काढून ठेवायची, आणि एक वायर सोडवली की तीच बदलून, चिठ्ठी लावून मग पुढची. थ्रॉटलच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या) मोटरलाही तसलीच वायर असते, ती विसरतात.

डिझेलमध्ये ही भानगड वेगळी. इंजिनावरच्या डिझेलच्या पारदर्शक प्लास्टिक नळ्यांचे ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, कडक होतात, हवा शिरते, सकाळी गाडी लवकर चालू होत नाही. नळीत बुडबुडे दिसले की समजावं. ग्लो प्लग (गार इंजिन चालू व्हावं म्हणून तापणारे) मात्र घाईने काढू नयेत. ते हेडमध्ये घट्ट बसतात आणि तुटतात. इंजिन गरम करून, हळूहळू पुढे-मागे फिरवत काढायचे.

बघायला जाताना मालकाला सांगून ठेवावं की गाडी आधी चालू करू नका. पोचल्यावर इंजिनाला हात लावून गार आहे ना, हे बघायचं. रेडिएटरच्या वरच्या नळीचं प्लास्टिकचं तोंड ठिसूळ होऊन तुटतं, तिथे पांढरा थर शोधायचा. कूलंट तपकिरी असेल तर कुणीतरी बोअरचं पाणी ओतलं आहे.

‘एसीचा फक्त गॅस संपलाय’ हे वाक्य ऐकलं की मी किंमत निम्म्यावर आणेन. इव्हॅपोरेटर (डॅशबोर्डमागे हवा गार करणारी जाळी) गळत असेल तर अख्खा डॅशबोर्ड काढावा लागतो.

पुढची स्प्रिंग शॉकभोवती नसते, खालच्या आर्म आणि बॉडीच्या मध्ये दबलेली असते. बाहेरून हुक लावायच्या साध्या स्प्रिंग कॉम्प्रेसरने ती काढायला जाऊ नये. ती सुटली तर हात जाईल. आतून जाणारा खास कॉम्प्रेसर भाड्याने मिळाला तरच खालच्या आर्मचे रबरी बुश घरी बदलावे, नाहीतर सरळ गॅरेजला द्यावी. प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) रबरी डिस्क आणि मधलं बेअरिंग एकदमच बदलावं. टायर १९५/६५ आर१५, कुठेही मिळतात. चाकाचे बोल्ट ११० न्यूटन मीटरवर आवळायचे, टॉर्क पान्यानेच.

कागद शेवटी, पण पैसे देण्याआधी. गाडीवर कोरलेला चॅसी नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवायचा. पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण झालेलं आहे का, पर्यावरण कर भरला आहे का, परराज्यातली असेल तर एनओसी कुठल्या आरटीओच्या नावाने आहे, हे विचारायचं. मुदत संपत आली असेल तर फिटनेसचा खर्च मालकाकडूनच वळता करून घ्यावा.