टर्कीच्या खिम्याचे स्लॉपी जो, कोथरूडच्या ओट्यावर

आमचा मुलगा दुसरी ते चौथी अमेरिकेत, ओहायोत शिकला. शाळेच्या कॅफेटेरियात ज्या दिवशी स्लॉपी जो, म्हणजे आंबटगोड टोमॅटो सॉसमधला खिमा भरलेले बन, असायचे त्या दिवशी डबा द्यायचा नाही हे तो आदल्या रात्रीच बजावून ठेवायचा. आता अकरावीत आहे, पुण्यात परत येऊन सात वर्षं झाली, तरी डिसेंबरात युनिट टेस्ट संपल्यावर काय करू विचारलं तर म्हणाला, "आई, तो बनमधला लाल खिमा कर ना, पण टर्कीचा."

टर्कीचाच का, तर तिकडे स्लॉपी जो मुळात बीफचे करतात, आमच्या घरात ते चालत नाही, म्हणून मी सुरुवातीपासून ग्राउंड टर्की, म्हणजे टर्की पक्ष्याचा खिमा, वापरायचे. तिकडे एक पाऊंडाचं पाकीट, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, फ्रीजमध्ये कायम असायचं. इथे ते असं सहज मिळत नाही. पण ख्रिसमसच्या आसपास कॅम्पात ऑर्डर घेतात, तर शिवाजी मार्केटमधल्या एका चिकनवाल्या दादांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं, तंगडीचं मांस द्या, छातीचं नको आणि खिमा जाड जाळीतून एकदाच काढा. छातीचं मांस फार कोरडं असतं आणि दोनदा काढलं की त्याचा नुसता लगदा होतो, कढईत गोळे धरतात.

रविवार ठरवला कारण गुरुवार-शनिवार घरात नॉनव्हेज नसतं.

आता खरी गोष्ट. टर्कीत चरबी कमी आणि पाणी बरंच सुटतं, त्यामुळे आपण खिमा करतो तसं कांद्यावर टाकून सारखं हलवत राहिलं तर तो परतला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात शिजतो, राखाडी दिसतो आणि चवीला पाणचट. म्हणून पसरट लोखंडी कढई चांगली कडकडीत तापवायची, दोन मोठे चमचे तेल, अर्धाच खिमा पसरायचा आणि तीन-चार मिनिटं हात लावायचा नाही!! मीठसुद्धा आत्ता नाही, मिठाने अजून पाणी सुटतं. खालून खमंग तपकिरी झाला की उलथन्याने उलटून मोडायचा, काढून ठेवायचा, मग उरलेला अर्धा. माझ्या मते स्लॉपी जो इथेच जमतात किंवा बिघडतात, पुढचं सगळं सोपं आहे.

त्याच कढईत एक मोठा कांदा, अर्धी ढोबळी मिरची अगदी बारीक, चार लसूण पाकळ्या. कांदा मऊ झाला की खिमा परत आत, त्यात पाऊण वाटी टोमॅटो केचप, दोन चमचे टोमॅटो प्युरी, एक मोठा चमचा वूस्टरशर सॉस, एक चहाचा चमचा मस्टर्ड, एक चमचा व्हिनेगर आणि अर्धी वाटी पाणी. तिकडे ब्राऊन शुगर घालतात, मी चिमूटभर गूळ घालते, जास्त नाही कारण आपलं केचप आधीच बरंच गोड असतं. मूळ वूस्टरशर सॉसमध्ये अँचोव्ही मासा असतो, माझ्याकडच्या बाटलीवर हिरवा ठिपका आहे, म्हणून थोडा सोया सॉस घातला, तेवढी खोली आली. आता मीठ. मग मंद आचेवर पंधरा मिनिटं, अंगाबरोबर रस राहीपर्यंत. टर्की आतपर्यंत ७४ डिग्री सेल्सियसला जायला हवी असा तिकडचा नियम आहे, इतका वेळ उकळल्यावर खिम्याची ती काळजी राहत नाही.

सासूबाई ओट्याशी उभ्याच होत्या. "अगं, आलं नाही, गरम मसाला नाही, कोथिंबीर तरी घाल की," म्हणाल्या. मी म्हटलं, आई, तो खिमा पाव होईल आणि इराणी हॉटेलातला खिमा पाव आपल्याला मिळतोच, मलाही तो फार आवडतो, पण हा वेगळा आहे, याला आंबटगोडच राहू दे. त्यांनी ऐकलं, पण स्वतःच्या वाट्यावर लाल तिखट भुरभुरलं आणि ते चांगलंच लागलं असणार, कारण परत घेतलं.

नावामागे बऱ्याच कथा आहेत, एक म्हणजे १९३० च्या सुमारास आयोवातल्या सू सिटीत जो नावाच्या कुकने सुट्या खिम्याच्या सँडविचमध्ये टोमॅटो सॉस घातला म्हणून. १९६९ मध्ये हंट्स कंपनीने मॅनविच नावाचा डब्यातला सॉस काढला आणि तो घराघरात गेला, आमच्या शेजारणी तोच वापरायच्या. गंमत म्हणजे न्यू जर्सीत मैत्रिणीकडे स्लॉपी जो मागवले तर थंड, तीन ब्रेडचं, कोलस्लॉ (कोबीचं सॅलड) घातलेलं सँडविच आलं, तिकडे त्यालाच हे नाव आहे.

पाव मात्र लादीचा नको, तो रस पिऊन फाटतो. बेकरीतले गोल बन आणले, आतून बटर लावून तव्यावर कडक शेकले, सोबत बुधानीचे वेफर्स आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेली काकडी. लेकाने दोन खाल्ले, मग हाताला लागलेला सॉस चाटत म्हणाला, "शाळेतला जास्त गोड होता, हाच चांगलाय."

टर्की नसेल तेव्हा चिकन थायचा, म्हणजे मांडीच्या मांसाचा, खिमा घ्या, पद्धत हीच. आणि थोडं मुद्दाम उरवा, दुसऱ्या दिवशी घट्ट होतं, मी सकाळी टोस्टरमध्ये चीज घालून त्याचं सँडविच केलं आणि डब्यात दिलं.