तुम्ही विचारलंत म्हणून: कुलपाचे बूट

"एवढा चांगला हात आहे तुझा, मग कोल्हापुरी का करत नाहीस? हे असलं कशाला?"

चुलत बहिणीने विचारून झालं, शाळेतल्या मैत्रिणींनी विचारलं, मी ज्यांच्याकडून चामडं घेते त्या काकांनीही विचारलं. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, तेव्हा तर महिनाभर भेटेल तो हेच विचारत होता. आता एकदाच नीट उत्तर देते.

"हे असलं" म्हणजे बॉन्डेजचे बूट, संमतीने बांधून घेण्याच्या लैंगिक खेळासाठीचे. गुडघ्यापर्यंत उंच, नाडीने आवळायचे, घोट्याला आणि पोटरीला पट्टे, पट्ट्याच्या बकलात बोटाच्या पेराएवढं कुलूप. घालणाऱ्याला ते आपले आपण काढता येत नाहीत. किल्ली दुसऱ्याकडे असते, आणि हे दोघांनी आधी बोलून ठरवलेलं असतं. पुण्यात धायरीतल्या माझ्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत मी ते हाताने शिवते. महिन्याला दोन जोड होतात, कधी एकच.

आधी कोल्हापुरीचं. मी तिच्यातच वाढले. आण्णा तळ कापायचे, आई चपलेवरची वेणी घालायची. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं चामडं, कुठे खिळा नाही, शिवण चामड्याच्याच वादीने. २०१९ मध्ये तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. अभिमान मलाही आहे. पण आईला एका जोडाच्या वेणीचे किती पैसे मिळायचे हे मला ठाऊक आहे, आणि आज अभिमानाने बोलणारे लोक दुकानात शंभर रुपयांसाठी किती घासाघीस करतात तेही मी काउंटरच्या आतल्या बाजूने बघितलेलं आहे. माझ्या बुटाला गिऱ्हाईक भाव पाडून मागत नाही. मी मोजलेल्या तासांचे पैसे देतं. हे एक कारण.

पण एवढंच कारण सांगितलं तर ते खोटं होईल. मला हे काम आवडतं. शिवणीत दोन सुया आणि एक दोरा. आरीने भोक पाडायचं, एक सुई डावीकडून, दुसरी उजवीकडून, त्याच भोकातून, आणि दोन्ही हातांनी सारखंच ओढायचं. शिवणीच्या लांबीच्या चौपट दोरा घ्यावा लागतो, मेणावर ओढून. एखादा टाका तुटला तरी पुढचे उसवत नाहीत, कारण प्रत्येक टाका दोन्ही बाजूंनी अडकलेला असतो. मशीनच्या शिवणीला हे जमत नाही. जो बूट ताण सहन करण्यासाठीच बनतो, त्यात या शिवणीचा कस लागतो.

आई एकदा पुण्याला राहायला आली होती. तिने अर्धा झालेला बूट उचलला, कड बोटाने चाचपली, मग कुलपावर नजर गेली. "ह्याला कुलूप कशाला गं?" मी म्हणाले, "फॅशन आहे." ती बराच वेळ टाके बघत राहिली. मग म्हणाली, "टाकं एकसारखं पडल्यात. मी बी एवढं सरळ घालत न्हवतो." बूट तिने जागेवर ठेवला. आईशी खोटं बोलले याची टोचणी मला अजून आहे, बूट शिवते याची नाही.

लाजेबद्दल विचारणाऱ्यांना मी वर्षानुवर्षं एकच उत्तर फेकत आले. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर केली, २०२२ पासून ती लागू झाली, आणि तिच्यात मोठ्या माणसांनी एकमेकांच्या संमतीने केलेल्या या गोष्टी आजार म्हणून उरल्या नाहीत. हे मला पाठ होतं. वाद जिंकायला पुरेसं होतं. "संमती आहे ना? मग विषय संपला," असं मी म्हणायचे.

विषय संपत नाही हे मला एका बाईने शिकवलं. तिचं नाव-गाव सांगणार नाही.

तिला उंच बूट हवे होते, आणि सगळ्यात वरचा पट्टा अगदी गुडघ्याखाली. मापं तिने स्वतः घेऊन पाठवली. मी कागदावर काढून बघितलं, तर रुंद पट्टा तिथे जाड दिसत होता. मी १८ मिलिमीटरचा कापला. अस्तर लावलं नाही, कारण अस्तराने कड फुगते. खरं सांगायचं तर तो पट्टा फार देखणा झाला होता. मी त्याचे सहा फोटो काढले.

पंधरा दिवसांनी तिचा सकाळी फोन आला. आवाज शांत होता. म्हणाली, "पाऊल वर उचलत नाहीये. जमिनीवर घासतंय. दुखत नाहीये, पण उचलतच नाहीये." रात्री दीड-दोन तास बूट पायात होते. नवरा मधूनमधून विचारत होता, तीही ठीक आहे म्हणत होती. मुंग्या आल्या होत्या, त्यांचं तिला काही वाटलं नाही. गंमत चालू होती. मग झोप लागली.

मी तिला लगेच दवाखान्यात जायला सांगितलं आणि संध्याकाळच्या गाडीने स्वतः गेले. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, हाडाचं एक बोंड हाताला लागतं. त्याच्याच खालून एक नस हाडाला वळसा घालून जाते, आणि तिथे तिच्यावर कातडीखेरीज फारसं काही नसतं. पाऊल वर उचलणारे स्नायू त्या नसेवर चालतात. डॉक्टरांनी सांगितलं की प्लास्टर घट्ट बसलं तरी ती दबते, काही जणांची तर बराच वेळ पायावर पाय टाकून बसल्यानेही दबते. माझा पट्टा बरोब्बर तिथे बसला होता. दोन दिवसांनी मी तिच्या पायावर त्याची खूण पाहिली. माझ्या शिवणीचे टाके मोजता येतील इतकी स्वच्छ.

तिने मला एक शब्द वाकडा बोलला नाही. नवऱ्याने चहा केला. तिने एवढंच विचारलं, "ताई, चालता येईल ना मला परत?" मला उत्तर देता आलं नाही. मी त्या दोघांच्या घरात बसून मनातल्या मनात तिने पाठवलेल्या मापांना दोष देत होते. अर्धा इंच चुकीचं असेल. तिने तासाभरात काढायला हवे होते. नवऱ्याला कळायला हवं होतं. हे सगळं मी मनात म्हटलंय, आणि ते इथे लिहायला मला जड जातंय.

पायाला आधाराची पट्टी, व्यायाम, पुन्हा नसेची तपासणी. अंगठा पहिल्यांदा किंचित वर आला तो सातव्या आठवड्यात, आणि नीट चालायला चार महिने लागले. तेवढे दिवस मी आरी हातात धरली नाही.

आधीची मी म्हणायची, वस्तू हातातून गेली की कारागिराचं काम संपलं. सुरी करणारा भाजी कोण कापतो ते बघायला जातो का? आजही हा युक्तिवाद मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. पण सुरीला मूठ कुठे असावी हे करणाराच ठरवतो. त्या दोघांची एकमेकांना संमती होती. त्या नसेबद्दल त्यांना माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं, तर त्यांनी संमती दिली ती नक्की कशाला?

आता वरचा पट्टा त्या बोंडापासून चार बोटं खाली येतो. रुंदी ४० मिलिमीटर, आतून मेंढीच्या मऊ चामड्याचं अस्तर. कुलपाखाली एक खटका असतो, किल्ली हरवली तरी सोबतच्या माणसाला एका हाताने सुटतो. सोबत कागद देते: मुंग्या आल्या की तिथेच थांबायचं, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामधली जागा बधिर झाली तर नाडी फार आवळली आहे, नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं पाहिजे, बूट पायात ठेवून झोपायचं नाही. एका गिऱ्हाइकाने कळवलं, हे वाचून मजा गेली. जाऊ दे.

म्हणजे सगळं ठीक झालं, असं मी म्हणत नाही. काही रात्री वाटतं, बहीण म्हणते तेच खरं, कोल्हापुरी करावी, कोल्हापुरीने कुणाचं पाऊल लुळं पडत नाही. सकाळी उठून आरी हातात घेतली की हात हेच मागतात. दोन्ही खरं आहे, आणि तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून सरळ उत्तर नाही.

गेल्या महिन्यात तिच्याकडून पार्सल आलं. तेच बूट, वर चिठ्ठी: वरचा पट्टा बदलून द्या, बाकी काही नको. तो पट्टा मी उसवलाय. टाके एकेक कापावे लागले, ओढून निघेनात. बूट टेबलावर आहेत, शेजारी नवं चामडं पसरलंय, त्यावर पेन्सिलची रेघही मारलीय. कापायची रापी अजून लावलेली नाही.